संप आणि शिधा

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मनमाड आणि इगतपुरी ही आपल्या नाशिक जिल्ह्यातली रेल्वेची गावं. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वे संप सुरू झाला. सरकारने हजारोंना तुरुंगात डांबलं आणि संपकऱ्यांच्या बायकापोरांना क्वार्टरबाहेर काढायलाही मागेपुढे पाहिलं नाही. २७ मेला संप मागे घ्यावा लागला. 

संप मोडायचा तर आधी कामगाराचं घर टेकीला आणा, ही जुनीच चाल. अशा वेळी देवाच्या नावाने चालणाऱ्या संस्थांनी काय करायचं?

एक उत्तर लंडनने दिलं. ऑगस्ट १८८९ मध्ये तिथले गोदी कामगार संपावर गेले. मागणी होती तासाला पाचऐवजी सहा पेन्स. संप समितीने शिध्याची तिकिटं वाटली. ती वस्तीतल्या दुकानात दाखवली की जिन्नस मिळायचे. मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मीच्या) केंद्रांवर स्वस्तात जेवण मिळे. गोदीतले बरेच कामगार आयरिश कॅथलिक. त्यांचे धर्मप्रमुख कार्डिनल मॅनिंग तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्या वयात ते मालकांकडे गेले, मग कामगारांच्या वस्तीत जाऊन पुढाऱ्यांशी तासन्‌तास बोलत बसले. सप्टेंबरच्या मध्यावर सहा पेन्स मान्य झाले. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं. रास्त मजुरी आणि संघटनेचा हक्क यांना चर्चची मान्यता मिळाली.

आपल्याकडे हाच वसा इंग्रज मिशनरी चार्ल्स अँड्र्यूज यांनी घेतला. मे १९२१ मध्ये आसामच्या चहामळ्यांतून निघालेले मजूर पूर्व बंगालातल्या चांदपूरला अडकले. रात्री गुरखा शिपायांनी त्यांना स्टेशनातून मारून हाकललं. त्या निषेधार्थ रेल्वे आणि आगबोटींचे कामगार संपावर गेले. मजुरांत पटकी पसरली होती. अँड्र्यूज त्यांच्यातच जाऊन राहिले. संपकऱ्यांची घरं चालावीत म्हणून काँग्रेसचे पुढारी जतींद्रमोहन सेनगुप्तांनी स्वतःच्या नावावर कर्ज काढलं. पुढे अँड्र्यूज अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे, म्हणजे आयटकचे, अध्यक्षही झाले.

पण गांधीजींचं मत वेगळं होतं. १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणी संपात त्यांची अटच होती की भिक्षेवर जगायचं नाही. कामगारांना त्यांनी आपल्या साबरमती आश्रमाच्या बांधकामावर वाळू वाहायला लावलं; संपाच्या नेत्या अनसूयाबेन साराभाई डोक्यावर टोपली घेऊन सर्वांत पुढे. ही अट मला नेहमी टोचते, आणि पटतेही. फुकटच्या ताटावर जेवणारा माणूस दात्यापुढे मान खाली घालतो. मग मालकापुढे ती ताठ कशी राहणार?

याचं उत्तर मला मॅनिंग आणि गांधी या दोघांपेक्षाही मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांकडे सापडतं. १९७३-७४ चा गिरणी संप ४२ दिवस चालला. कामगारांना पगार नाही, म्हणजे खानावळीचे महिन्याचे पैसे नाहीत. तरी या बायकांनी डबे बंद केले नाहीत; सावकाराकडून पैसे उचलले, पण भाकरी थापत राहिल्या. ती उधारी होती, दान नव्हतं. कामगार ऋणी होता, मिंधा नव्हता. कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन, त्यांना सावकारापासून सोडवायला.

नाशिकला अन्नछत्रांचं अप्रूप नाही. नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते, कुंभमेळ्यात लाखो पानं उठतात, गुरुद्वारात लंगर चालतो. २०१८ च्या मार्चमध्ये इथून मोर्चाने मुंबईला निघालेल्या शेतकऱ्यांना मुंबईकरांनी पाणी दिलं, खाऊ दिला, चपला दिल्या. पण ते पाहुणे होते, एका दिवसाचे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्याला टाळं लागलं, तर शेजारी राहणाऱ्या कामगाराला महिनोन्‌महिने लागतो तो आधार वेगळा : पोराची फी पुढच्या वर्षीवर ढकलणारी मिशनची शाळा, औषधाचं बिल थांबवणारा ट्रस्टचा दवाखाना, सभेला हॉल देणारं देवस्थान. यातलं काही फुकट नको. वहीवर लिहा, सवडीने फेडून घ्या.

यावर कुणी म्हणेल, आम्ही तटस्थ आहोत. मंडळी, एका बाजूला मालकाची तिजोरी आणि दुसऱ्या बाजूला रिकामा डबा असेल, तर हात बांधून बसणारा मालकाच्याच बाजूला बसलेला असतो. धर्मसंस्थांनी घोषणा देऊ नयेत, मागण्याही ठरवू नयेत. मालक-कामगारांचा निवाडा त्यांच्या वादाच्या गुणदोषांवर व्हावा, पोरांच्या भुकेवर होऊ नये, एवढी खबरदारी मात्र त्यांनी घ्यायलाच हवी.