पेट्रोलची छाप आणि पेट्रोलचा गुण

कांदिवली स्टेशनाबाहेर पडून स्वामी विवेकानंद रस्त्यास लागावें (याच रस्त्यास पूर्वीं घोडबंदर रोड म्हणत), तों पेट्रोलपंपावर खोळंबलेल्या मंडळींत एक वाद हटकून कानीं पडतो. कोणी म्हणतो, अमुक कंपनीचें पेट्रोल घातलें कीं गाडी वाऱ्यासारखी पळते. दुसऱ्यास त्याच पेट्रोलनें ती अडखळल्याचा अनुभव आलेला असतो. ज्यांच्या घरीं स्कूटर वा मोटार आहे, त्या श्रोत्यांना हा वाद कांहीं नवा नाहीं.

त्याचा उगम शोधावयाचा तर माहूलच्या खाडीकडे वळावें लागतें. तेथें दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे आहेत. १९५४ सालीं सुरू झालेला स्टॅन्व्हॅकचा कारखाना आज हिंदुस्तान पेट्रोलियमकडे आहे, आणि १९५५ चा बर्मा-शेलचा कारखाना भारत पेट्रोलियमकडे. दोहोंतून निघणाऱ्या साध्या पेट्रोलास सरकारी मानक एकच. १ एप्रिल २०२० पासून त्यांत दर दहा लक्ष भागांत १० भागांहून अधिक गंधक चालत नाहीं. शिवाय तेलकंपन्या सोयीप्रमाणें एकमेकींच्या कारखान्यांतून माल उचलतात. तेव्हां पंपावरची पाटी पाहून पेट्रोलचें कुळ सांगूं जाणारा पुष्कळदां फसेल.

मग खरा भेद कोठें असतो? माल पंपाकडे निघण्यापूर्वीं त्यांत मिसळल्या जाणाऱ्या चिमूटभर द्रव्यांत. इंजिनाच्या उष्णतेनें पेट्रोलांतील कांहीं घटकांचा चिकट थर बनतो, व तो पुढें काजळीसारखा कठीण होतो. इंधन फवारणारीं छिद्रें अतिशय बारीक असल्यामुळें थोड्याशा मळानेंहि फवारा बिघडतो. झडपांवर पुटें चढतात. गाडी धक्के देऊं लागते. हें द्रव्य रिठ्याच्याच न्यायानें काम करतें. त्याच्या रेणूचें नत्रयुक्त टोक मळास धरतें आणि लांब शेपूट पेट्रोलांत विरघळून राहतें, म्हणून मळ सुटतो आणि इंधनाबरोबर जळून जातो.

अमेरिकेंत शेव्हरॉननें असें द्रव्य १९५४ सालींच बाजारांत आणलें. पुढें १९७० मध्यें त्याच कंपनीनें ‘एफ-३१०’ या नव्या द्रव्याची मोठी जाहिरात केली. मोटारीच्या धुरानें भरलेला एक फुगा काळाकुट्ट, तर नवें पेट्रोल वापरल्यानंतरचा दुसरा फुगा स्वच्छ! फेडरल ट्रेड कमिशननें ही जाहिरात दिशाभूल करणारी ठरविली, व १९७८ सालीं न्यायालयानें तो मुख्य निष्कर्ष मान्य केला. द्रव्यांत गुण होता, पण फुग्यानें जेवढा दाखविला तेवढा नव्हे. १९९५ पासून मात्र तेथें अशा द्रव्याचें किमान प्रमाण कायद्यानेंच बंधनकारक झालें. तें किमानहि अपुरें वाटल्यावरून बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा व टोयोटा या मोटारकंपन्यांनीं २००४ सालीं ‘टॉप टियर’ नांवाची अधिक कडक कसोटी घालून दिली. तेथील मोटारसंघानें २०१६ मध्यें तुलना केली, तेव्हां या कसोटीस न उतरलेल्या पेट्रोलनें झडपांवर सरासरी १९ पट मळ सांचल्याचें आढळलें. म्हणजे सगळें सोंगच आहे, असें म्हणणाराहि चुकतो.

तथापि जादा पैसे मोजण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. ‘एक्सपी ९५’ किंवा ‘पॉवर ९५’ या नांवांतील आंकडा ऑक्टेनचा. त्याचा संबंध इंजिनांतील ठोक्याशीं आहे, मळाशीं नाहीं. साध्या पेट्रोलवर बेतलेल्या स्कूटरला अधिक ऑक्टेन पाजून अधिक बळ येत नाहीं. दुसरें असें कीं, कित्येक नव्या मोटारींत पेट्रोल थेट सिलिंडरांत फवारलें जातें. तेथें तें आंत घेणाऱ्या झडपांवरून वाहातच नाहीं, मग त्या धुणार कशी?

भेसळ हें प्रकरण निराळेंच आहे, आणि भयंकरहि. मनमाडजवळ तेलाची चोरी व भेसळ पकडूं गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजीं जिवंत जाळण्यांत आलें. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलास कोणतेंहि धुणारें द्रव्य सुधारूं शकत नाहीं. ग्राहकानें मागणी केल्यास पंपावर गाळणकागदाची परीक्षा करून दाखवितात व घनताहि मोजून देतात. कांदिवलीकर गृहस्थानें ती जरूर मागावी. पण या दोन्हीं परीक्षा भेसळ हुडकण्यापुरत्या आहेत. मळ धुणारें द्रव्य पेट्रोलांत किती घातलें आहे, हें त्यांतून कळत नाहीं, आणि पंपावरच्या पाटीवरहि तें लिहिलेलें नसतें.