ठेंगणी मोटार आणि आपला पावसाळा

मोटार शर्यतीची असो की नुसती हौसेची, ती जितकी जमिनीलगत तितकी वळणावर घट्ट बसते. वजन खाली राहिले म्हणजे कलंडण्याचे भय कमी. यात शास्त्र आहे, आणि शर्यतीच्या गुळगुळीत वाटेवर ते खरेही ठरते. पण ज्या देशांत हिवाळाभर बर्फ पडते, तिथे अशा मोटारीच्या मालकांची फजिती होते. बर्फाचा थर वीतभर चढला की गाडीचे पोट त्यावर टेकते, चाके अधांतरी गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. शिवाय उन्हाळी टायरचे रबर थंडीत कडक होऊन पकड सोडते. म्हणून स्वीडनसारख्या देशात डिसेंबर ते मार्च, रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा, हिवाळी टायर लावण्याची कायद्यानेच सक्ती आहे.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला सांगता? चंद्रपूर-गडचिरोलीत बर्फ कुठले? उन्हाळ्यात तर इथे अंगाची लाही होते. खरे आहे. पण आपल्याकडे चार महिने चिखल असतो, आणि पोट टेकण्याच्या बाबतीत चिखल बर्फाचा सख्खा भाऊ. त्यातून अलीकडे आपल्या तालुक्यांतली तरुण मुले जुनी लहान मोटार घेतात आणि स्प्रिंगांची वेटोळी कापून तिला शर्यतीच्या गाडीसारखी खाली बसवतात. दिसते झोकदार, नाही कशाला म्हणू!

आपल्या जुन्या बंडीची चाके छातीएवढी का असत, याचा विचार कधी केला आहे? वरोरा-राजुऱ्याकडची काळी कन्हार घ्या, की मूल-सिंदेवाहीकडच्या धानाच्या बांध्या घ्या. पाऊस लागला की वाटेवर चाकोरी खोल जाते आणि मध्ये वरंबा राहतो. उंच बंडी त्या वरंब्यावरून सुखाने जाते. आता रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर लोखंडी चाकांनी चिखलणी करून डांबरी सडकेवर येतात, मागे बुळबुळीत गाळ टाकत जातात आणि कच्च्या वाटेवर वीतभर खोल चर पाडतात. कारखान्यातून निघालेल्या लहान मोटारीचे पोट जमिनीपासून साधारण सतरा सेंटीमीटर वर असते. स्प्रिंग कापून ते अकरावर आणले की वरंब्यावर कासवासारखे बसायचे. अशा वेळी चाके जोराने फिरवू नका. ती अधिकच खाली जातात. पोटाखालची माती खोऱ्याने काढा, चाकांपुढे फांद्या किंवा तणस घाला. मात्र कोरडी तणस तापलेल्या सायलेन्सरला लागू देऊ नका, नाहीतर चिखलातून सुटलेली गाडी आगीत सापडायची.

शिक्षक बंधूंना आणखी एक गोष्ट मुलांना दाखवता येईल. एकसारख्या दोन स्प्रिंगा घ्या, एक अर्धी कापा आणि दोन्हींना सारखे वजन टांगा. अर्धी स्प्रिंग निम्मीच ताणली जाते, म्हणजे ती दुप्पट कडक झाली. स्प्रिंग कापलेली मोटार नुसती ठेंगणी होत नाही, ती आखडतेही. खड्ड्याचा सगळा मार मग सांगाड्याला आणि माणसाच्या कण्याला. गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करायला १९८८ चा मोटार वाहन कायदा मना करतो, हेही जाता जाता सांगतो.

पण खरा धोका चिखलाचा नव्हे, रपट्याचा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती आणि त्यांना मिळणारे शेकडो नाले. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहून भामरागडचा संपर्क पुन्हा पुन्हा तुटला. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा मोठा पूर ब्रह्मपुरीकडच्या गावांत शिरला. अशा पुरात कोणी मोटार घालत नाही. माणसे फसतात ती लहान नाल्यावर, 'गुडघाभर तर पाणी आहे' असे म्हणत.

आता हे गुडघाभर पाणी मोजू. लहान मोटार साडेतीन मीटर लांब, दीड मीटर रुंद. चाकांच्या खाचा आणि इंजिनाखालची उघडी जागा वजा करून तिचा तळ चार चौरस मीटर धरा. तळाच्या वर दहा सेंटीमीटर पाणी चढले की ते गाडीला चारशे किलोंनी वर उचलते. वीस सेंटीमीटर चढले की आठशे किलोंनी. गाडी आणि चालक मिळून वजन नऊशेच्या आसपास. म्हणजे चाकांवर उरले जेमतेम शंभर किलो! दाराच्या फटींतून पाणी आत येते खरे, पण हळूहळू. तोवर गाडी सरकलेली असते. सतरा आणि वीस, सदतीस सेंटीमीटर. ठेंगण्या गाडीला एकतीसच पुरतात. पुरा गुडघासुद्धा लागत नाही. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. आणि इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले, तर पाणी दाबले जात नाही, आतला दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी तिथेच पुन्हा सुरू करू नये ती यासाठी.

२०२२ च्या जुलैत मी माझ्या पुतण्याबरोबर सिंदेवाहीकडून आतल्या वाटेने गडचिरोलीला निघालो होतो. त्याच्या बहिणीला तिथे बाळंतपणासाठी नेले होते आणि रक्त लागेल असा निरोप आला होता. गाडी त्याची, अशीच खाली बसवलेली. वाटेत रपट्यावर पाणी. तो गिअर टाकणार, तोच बाजूला छत्री घेऊन बसलेला एक म्हातारा उठला. त्याने पाण्याच्या काठाशी एक दगड ठेवला आणि म्हणाला, "थांबा ना मास्तर. हा दगड बुडला तं पानी चढून रायलं समजा." दहा मिनिटांत दगड दिसेनासा झाला. पुतण्या म्हणाला, "काका, तिकडे ताई आहे." मी काय बोलणार? गाडीची किल्ली काढून खिशात घातली, एवढेच. मला त्या घटकेला माझाच राग येत होता.

तासाभराने पाणी उतरू लागले. म्हातारा काठी टेकत चार पावले पुढे गेला आणि थबकला. रपट्याच्या मधली फरशी वाहून गेली होती. वरून काही कळत नव्हते.

आम्ही मागे फिरलो, मूल-सावलीच्या सडकेने गेलो आणि रात्री नऊला पोहोचलो. रक्त तिथल्याच एका माणसाने दिले होते. मुलगी झाली होती. पुढच्या आठवड्यात पुतण्या चंद्रपूरला मिस्त्रीकडे गेला. कापलेले वेटोळे काही परत जोडता येत नाही. चारही स्प्रिंगा नव्या घ्याव्या लागल्या.