श्वास पुरेनासा होतो तेव्हा

(आरोग्यसेविका, आशा स्वयंसेविका व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव कार्यक्रमपत्रिकेत ‘चिंताजन्य श्वसनविकार’ असे छापले आहे. नाव जड आहे. प्रकार मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. परीक्षेच्या दिवशी एखादी विद्यार्थिनी वर्गात एकाएकी धापा टाकू लागते. घरात मृत्यू झाल्यानंतर महिन्याभराने एखादा कर्ता पुरुष मध्यरात्री उठून बसतो आणि ‘मला श्वास पुरत नाही’ म्हणतो. छाती धडधडते, ओठांभोवती व हातापायांना मुंग्या येतात, बोटे आखडून वाकडी होतात, घेरी येते. भोवती गर्दी जमते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चप्पल हुंगवतो आणि सर्वजण एकच सांगतात, ‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे.’ हा उपदेश कळकळीचा असतो. पण तो नेमका उलटा असतो.

तो उलटा का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. आपला समज असा की, श्वासाची गती प्राणवायूच्या कमीअधिक प्रमाणावर ठरते. वस्तुतः निरोगी माणसात ती मुख्यत्वे रक्तातील कार्बन डायऑक्साइड वायूवर ठरते. हाल्डेन व प्रीस्टली या संशोधकांनी १९०५ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. हा वायू आपण निरुपयोगी म्हणून बाहेर टाकतो खरा, तथापि त्याचे ठरावीक प्रमाण रक्तात असावेच लागते. भीतीने माणूस छातीच्या वरच्या भागाने भराभर श्वास घेऊ लागला की हा वायू वाजवीपेक्षा अधिक बाहेर पडतो. त्यामुळे मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि घेरी येते. रक्ताची आम्लता कमी होते, त्यातील मुक्त कॅल्शियम घटते, म्हणून मुंग्या येतात व बोटे वळतात. ही लक्षणे पाहून माणूस अधिकच घाबरतो आणि अधिकच भराभर श्वास घेतो. म्हणजे ज्याला श्वास पुरत नाही असे वाटते, तो प्रत्यक्षात गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो. त्याला मोठा श्वास घेण्यास सांगणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

याला नाटक म्हणू नये. अमेरिकेच्या यादवी युद्धातील सैनिकांमध्ये धडधड, छातीत दुखणे आणि दम लागणे अशा तक्रारी आढळल्या. त्यांचे सविस्तर वर्णन दा कोस्टा या वैद्याने १८७१ साली प्रसिद्ध केले. रणांगणावर गेलेल्या माणसांना जे झाले, ते शाळकरी मुलीला झाले तर ती भित्री कशी ठरते? मुंग्या खऱ्या असतात, वळलेली बोटे खरी असतात. ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगून आपण तिला फक्त एकटी पाडतो.

परंतु याच्या दुसऱ्या बाजूविषयी मला अधिक बोलावयाचे आहे. नोकरीच्या प्रारंभीच्या काळात माझ्याकडे एक बाळंतीण आणली गेली. बाळ तीन आठवड्यांचे होते. रात्री दम कोंडतो, झोपवत नाही, अशी तिची तक्रार होती. सोबतच्या मंडळींनी सांगितले, ‘माहेराहून सासरी जायचे आहे, म्हणून हे चालले आहे.’ मीही ते मानले. शांत झोप लागावी म्हणून औषध दिले आणि परत पाठविले. तिसऱ्या दिवशी ती बैलगाडीतून आली, तेव्हा पाय सुजले होते व ओठ निळसर झाले होते. बाळंतपणाच्या सुमारास क्वचित हृदयाचा स्नायू दुबळा होतो, तो विकार तिला झाला होता. जिल्हा रुग्णालयात ती वाचली. मी तिची नाडी मोजली होती. आडवे झाल्यावर दम वाढतो का, बसल्यावर बरे वाटते का, एवढे दोन प्रश्न मात्र विचारले नव्हते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. प्रथम शरीर पाहावयाचे, मग मनाकडे वळावयाचे. छातीवर दडपण येऊन कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम येत असेल, श्वासात सूं-सूं आवाज असेल, ताप व खोकला असेल, पायावर सूज असेल, रुग्ण गरोदर किंवा बाळंतीण असेल, मधुमेही असेल, किंवा प्रौढ वयात असा त्रास प्रथमच होत असेल, तर चिंतेचे नाव काढू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे श्वास घेणे जड जाऊ लागले आणि पापण्या मिटू लागल्या, तर मण्यार चावल्याचा संशय घ्यावा. तिच्या दंशाची खूण बहुधा दिसतही नाही. २०२० च्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटर आले आहे. त्यावरील आकडा ९४ किंवा त्याखाली असेल तर रुग्णाला विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे. पण आकडा चांगला आहे म्हणून हृदयविकार नाही, असे मात्र समजू नये. तोंडाला कागदी पिशवी लावण्याची जुनी शिफारसही आता सोडून द्या. दमा किंवा हृदयविकार असल्यास तिने प्राणवायू कमी पडून जिवावर बेतू शकते.

तपासणीत शरीराचा दोष आढळला नाही, तर काय करावे? गर्दी हटवावी. एकाच व्यक्तीने, हलक्या आवाजात बोलावे. रुग्णाला बसते करावे, एक हात त्याच्या स्वतःच्या पोटावर ठेवावयास सांगावा. ‘श्वास घे’ असे न म्हणता ‘सावकाश सोड’ असे म्हणावे. बशीतल्या गरम चहावर आपण जशी हलकी फुंकर घालतो, तसा ओठ आवळून श्वास सोडावा; मग तोंड मिटून नाकाने, पोट हलेल इतपतच, आत घ्यावा. घेताना मनात चार अंक, सोडताना सहा. भीतीची लाट बहुधा दहा-पंधरा मिनिटांत ओसरू लागते, हेही त्याला सांगावे. सलाईनची बाटली लावून ती ओसरत नाही. बाटली संपेपर्यंत वेळ जातो, आणि श्रेय बाटलीला मिळते!

ही रीत संकटाच्या वेळी शिकता येत नाही. पूर आल्यावर कोणी पोहायला शिकत नाही. रोज दोन वेळा, मन स्वस्थ असताना पाच मिनिटे सराव करावा. प्राणायाम करणारे विचारतात, कोणता करावा? लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेत १९२४ पासून श्वसनाचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही. मात्र ज्याला असे झटके येतात, त्याने भस्त्रिका व कपालभाती यांसारखे जलद प्रकार टाळावेत. भ्रामरीत श्वास दीर्घकाळ सोडला जातो, ती त्याला मानवते. चहा बेताचा घ्यावा. तंबाखू व मिश्री सोडलेली बरी, कारण त्यांनीही धडधड वाढते.

एवढ्याने भागले नाही आणि माणूस एस. टी.त बसणे, बाजारात जाणे टाळू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञांची गरज आहे असे समजावे. समुपदेशनाने व औषधांनी हा विकार बरा होतो. औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. झोपेच्या गोळ्या मात्र दुकानातून परस्पर घेऊ नयेत, त्यांची सवय जडते. जिल्हा रुग्णालयात या विभागात चौकशी करावी, किंवा २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ती विनामूल्य आहे आणि मराठीतूनही बोलता येते.

आता वह्या बाजूला ठेवा. पाठ खुर्चीला टेकवा, एक हात पोटावर ठेवा. घाई नको. प्रथम सोडावयाचा आहे, मग घ्यावयाचा. मी अंक मोजतो.