५:२०ची बस कोणाची?

(रविवारच्या सभेत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलं आहे.)



सुट्टीचा दिवस सोडून आलात, त्याबद्दल आधी आभार. रविवारी बसचं काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. तासाला एक, आणि तीही आली तर. त्यामुळे दोन बस बदलून जे आलेत त्यांना चहा आधी द्या.

"हक्कांवर बोला," असं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, मी बसवर बोलतो. एक-दोघं हसले. पण हात वर करून सांगा, इथे कितीजणांकडे गाडी आहे? बघा, मोजून चार हात. भारताचं लायसन्स इथे आल्यापासून फक्त १२ महिने चालतं. मग इथली परीक्षा, क्लासची फी, गाडी, इन्शुरन्स. तोपर्यंत आपली नोकरी बसच्या वेळापत्रकावर टांगलेली असते.

माझीच गोष्ट सांगतो. आम्ही इथे बायकोच्या केअरच्या व्हिसावर आलो. मी डिपेंडंट, एजन्सीमार्फत गावाबाहेरच्या एका गोदामात लागलो. सकाळी ६ची पाळी. ५:२०ची बस धरली की पावणेसहाला गेटवर. एका सोमवारी स्टॉपवर उभा राहिलो, तर बस नाहीच. थंडीत पाय बधिर झाले. शेवटी एक आली ती सहाच्या सुमारास. ड्रायव्हर म्हणाला, कालपासून वेळापत्रक बदललंय, पहाटेची फेरी बंद. मी ३५ मिनिटं उशिरा पोचलो. सुपरवायझरने पूर्ण तासाचे पैसे कापले. मी गप्प बसलो. एजन्सीचं काम, तोंड उघडलं आणि उद्यापासून पाळीचा मेसेजच आला नाही तर?

आणि कमाल बघा. त्याच आठवड्यात त्या मार्गावर नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गाड्या आल्या होत्या. सीटपाशी मोबाइल चार्ज करायची सोय, आवाज नाही, धूर नाही. गाडी नवी आली आणि माझी फेरी गेली.

तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारत सुटलो: ५:२०ची बस कोणाची? ती बंद करायचं कोणी ठरवलं, आणि जाब कोणाला विचारायचा?

आपल्याकडे याचं उत्तर पोरगंही देतं. यष्टी महामंडळाची. १ जून १९४८ला पहिली गाडी पुणे ते अहमदनगर धावली, तेव्हापासून लोकांच्या मनात ती सरकारची. वाडीवरची मुक्कामी गाडी तोट्यात असते हे सगळ्यांना माहीत. तरी ती बंद झाली की गाव आगारावर जातं, आमदाराला धरतं. गाडी परत येतेच असं नाही, पण जाब कोणाला विचारायचा ते कळतं.

इथे तसं नव्हतं. १९८५च्या ट्रान्सपोर्ट अॅक्टनुसार २६ ऑक्टोबर १९८६पासून लंडन सोडून ब्रिटनभर बसचा धंदा मोकळा झाला. कोणती कंपनी कुठल्या मार्गावर, किती वाजता, किती भाड्यात गाडी चालवणार ते कंपनीच ठरवणार. फायद्याचे मार्ग कंपनीचे. तोट्याची पण गरजेची फेरी हवी असेल तर कौन्सिलने पैसे मोजून ती चालवून घ्यायची. आता पहाटे, रात्री उशिरा आणि रविवारी बसने कोण जातं? सफाईवाले, केअरवाले, गोदामवाले, हॉस्पिटलमधले. म्हणजे आपण. प्रवासी थोडे, म्हणून फेरी तोट्यात. कौन्सिलची तिजोरी आटली की कात्री आधी तिथेच लागते.

ताफा बदलतो तेव्हाही हेच बघायचं असतं. इलेक्ट्रिक गाडीला डेपोत चार्जर लागतात. त्यासाठी डेपो बदलतात, गाड्या एका मार्गावरून दुसऱ्यावर जातात, वेळा नव्याने बसवतात. मोठ्या शहरात नवी गाडी आली की तिथली जुनी गाडी लहान गावाकडे पाठवायची, हा इथला जुना रिवाज आहे. नव्या गाड्या याव्यातच, धुराचा त्रास आपल्याच मुलांना होतो. पण पेपरात नव्या बसचा फोटो बघाल तेव्हा विचारा: पहिली फेरी किती वाजता? शेवटची किती वाजता? रंग नंतर बघू.

आता चांगली बातमी. हा कायदा बदलतोय. २०१७च्या बस सर्व्हिसेस अॅक्टने मोठ्या शहरांच्या मेयरना अधिकार दिला: मार्ग, वेळा आणि भाडं तुम्ही ठरवा, कंपन्यांना फक्त गाडी चालवायचं कंत्राट द्या. लंडनमध्ये असंच चालतं. लंडनबाहेर ते पहिल्यांदा ग्रेटर मँचेस्टरने केलं. तेव्हाचे मेयर अँडी बर्नहॅम यांनी मार्च २०२१मध्ये निर्णय घेतला. दोन बस कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. २४ सप्टेंबर २०२३ला बोल्टन आणि विगनच्या बाजूला पिवळ्या बी नेटवर्कच्या बस सुरू झाल्या, मार्च २०२४मध्ये ओल्डम आणि रॉचडेलकडे, आणि ५ जानेवारी २०२५ला उरलेला दक्षिण भागही आला.

त्यातली आपल्या कामाची गोष्ट रंगाची नाही. सप्टेंबर २०२४पासून बोल्टन आणि ली या दोन गावांहून मँचेस्टरपर्यंत रात्रभर बस सुरू झाली, प्रयोग म्हणून. रात्रपाळीवाल्यांचा विचार करून कोणीतरी तसं ठरवलं. कारण आता ठरवणारा एक माणूस आहे आणि त्याला निवडणुकीला उभं राहायचं असतं. लिव्हरपूल, वेस्ट यॉर्कशायर, साउथ यॉर्कशायर यांनीही हाच रस्ता धरलाय. ऑक्टोबर २०२५च्या नव्या कायद्याने हा अधिकार इंग्लंडमधल्या बाकीच्या वाहतूक प्राधिकरणांना आणि कौन्सिलांनाही सोपा केला.

पण भाबडेपणा नको. कंत्राट सरकारचं म्हणून सगळं ठीक होतं असं नाही. मुंबईच्या बेस्टचं बघा. बेस्टने स्वतःच्या गाड्या कमी करत भाड्याच्या गाड्या घेतल्या, ड्रायव्हर कंत्राटदाराचे. ऑगस्ट २०२३मध्ये त्या ड्रायव्हरांनी पगारासाठी काम बंद केलं आणि मुंबईकर स्टॉपवर ताटकळले. ड्रायव्हरला धड पगार नसेल, झोप नसेल, तर बस वेळेवर येणार कशी? म्हणून उशीर झाला की समोरच्या ड्रायव्हरवर डाफरू नका. तोही पाळीवरचाच माणूस.

आता आपण काय करायचं ते सांगतो. चार गोष्टी.

पहिली, पगार. इथे नीट कान द्या, विशेषतः केअरमधल्या ताई. घरून कामावर जायचा वेळ साधारणपणे किमान वेतनात धरत नाहीत. कोंबड्यांच्या फार्मवर मजुरांना घरून मिनीबसने तासन्‌तास नेत होते, त्यांच्या प्रकरणातही २०२४मध्ये अपील ट्रायब्युनलने तो वेळ किमान वेतनासाठी कामाचा धरला नाही. वाईट वाटतं, पण सध्याचा कायदा तसा आहे. मात्र एका पेशंटच्या घरून दुसऱ्या पेशंटच्या घरी जायचा वेळ धरावाच लागतो, आणि त्यात स्टॉपवर बसची वाट बघण्याचा वेळही येतो.

हिशोब करून दाखवतो. सकाळी पाच घरं, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे अडीच तास. तासाला १३ पौंड म्हणजे ३२ पौंड ५० पेन्स. कागदावर बरं दिसतं. मधे चार वेळा बस, दर वेळी २५ मिनिटं, म्हणजे १०० मिनिटं. एकूण वेळ ४ तास १० मिनिटं. आता भागा. तासाला पडले ७ पौंड ८० पेन्स. २१ वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन एप्रिल २०२५पासून १२ पौंड २१ पेन्स आणि एप्रिल २०२६पासून १२ पौंड ७१ पेन्स आहे. बाकीचे पैसे कुठे गेले? त्या स्टॉपवर गेले. मधे मोठी सुट्टी मिळून घरी जाऊन आलात तर तो वेळ वेगळा. बाकी सगळं लिहून ठेवा आणि पूर्ण महिन्याचा हिशोब असाच करा.

आणि उशिराचं. ३५ मिनिटं काम केलं नाही, त्याचे पैसे नाहीत, हे एक वेळ समजू शकतो. पण उरलेली २५ मिनिटं मी खोकी उचलली. त्यांचे पैसे कापून पगार किमान वेतनाच्या खाली नेता येत नाही. पगारातून कापायचं तर ते कायद्यात तरी असावं लागतं, करारात तरी, नाहीतर तुमची आधी लेखी संमती तरी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अकासची हेल्पलाइन आहे, ०३०० १२३ ११००, सल्ला मोफत. ट्रायब्युनलची मुदत लहान असते. तीन महिन्यांच्या आत हालचाल करायची असं धरूनच चाला.

दुसरी, वही. तारीख, स्टॉप, बसचा नंबर, कागदावरची वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ. स्टॉपवरच्या पाटीचा फोटो, बस अॅपचा स्क्रीनशॉट. त्याच सकाळी सुपरवायझरला मेसेज: बस रद्द झाली, पुढच्या बसने येतोय. तोंडी सांगितलेलं उद्या कोणाला आठवत नाही.

तिसरी, तक्रार. आधी बस कंपनीकडे, लेखी, आणि तिची प्रत वॉर्डातल्या कौन्सिलरला. इथे ट्रॅफिक कमिशनर नावाचा अधिकारी असतो. वेळापत्रकापेक्षा जास्तीत जास्त १ मिनिट लवकर आणि ५ मिनिटं उशिरा, या चौकटीत १००पैकी ९५ फेऱ्या सुटाव्यात अशी त्यांची अपेक्षा आहे. सतत चुकणाऱ्या कंपनीला ते दंडही करू शकतात. एकट्याचा राग त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दहा जणांच्या वह्यांची दखल घ्यावी लागते.

चौथी गोष्ट ऐकून बरेच जण चकित होतात. आपण मत देऊ शकतो. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर, साध्या वर्क व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या माणसालाही मतदार यादीत नाव घालता येतं. कौन्सिलर, मेयर, खासदार, सगळ्यांसाठी. ५:२०ची बस जर मेयर ठरवणार असेल, तर तो मेयर निवडण्यात आपला वाटा आहे. नाव घातलं नसेल तर आज घरी जाऊन घाला.

शेवटी एक जुनी आठवण, माझी नाही, या देशाची. १९६३ साली ब्रिस्टलमधली बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून घेत नव्हती. लोकांनी त्या बसवर बहिष्कार टाकला. पॉल स्टीफनसन, रॉय हॅकेट अशी माणसं पुढे होती. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनी नमली. सप्टेंबरमध्ये जो पहिला गोरा नसलेला कंडक्टर लागला, तो रघबीर सिंग नावाचा शीख होता. ती माणसंही भाड्याच्या खोलीत राहत होती आणि पहाटे कामाला जात होती.

माझे कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. मुदत टळून गेली होती. ५:२०ची बसही अजून आलेली नाही. पण त्या स्टॉपवरच्या आम्ही नऊ जणांनी सहा आठवडे वही लिहिली आणि कौन्सिलरला नेऊन दिली. आता ती बाई आम्हाला नावाने ओळखते. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटायचं ठरलंय. ज्यांना यायचं असेल त्यांनी चहानंतर मला भेटा. येताना वही आणा.