नाईक यशवंत घाडगे : एका तरुण सैनिकाचे स्मरण



रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस हा सर्वोच्च युद्धसन्मान मिळाला. त्यांपैकी शिपाई नामदेव जाधव युद्धातून जिवंत परतले; यशवंत घाडगे यांना मात्र तो मरणोत्तर लाभला. त्यावेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. रायगड जिल्हा त्या काळी कुलाबा म्हणून ओळखला जाई. डोंगरउताराची शेती आणि पावसावर अवलंबून असलेले पीक यांमुळे कोकणातील अनेक घरांतून एखादा मुलगा पलटणीत जाणे ही जुनी रीत होती. घाडगे हे पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक झाले.

जून १९४४ मध्ये रोम मुक्त झाले. त्यानंतर जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. परंतु मागे नवी संरक्षक फळी उभारण्यास वेळ मिळावा म्हणून ते प्रत्येक टेकडी लढवीत होते. मोक्याच्या जागी दडवलेली एखादी मशीनगन साऱ्या पलटणीची वाट रोखून धरू शके. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नेमके हेच घडले. घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील सारे जवान ठार वा जखमी झाले. आता आज्ञा देण्यास मागे कोणी उरले नव्हते. क्षणाचाही विलंब न लावता ते एकटेच शत्रूच्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा सैनिक निकामी केला. दुसऱ्यास टॉमी गनने टिपले. गोळ्या संपल्या, पण नव्या भरण्यास अवधी नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या तडाख्यांनी त्यांनी उरलेल्या दोघांना लोळविले. एवढ्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. त्यांचे पदक पुढे त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

हे युद्ध परक्या सत्तेचे होते, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्तही आहे. १९३९ मध्ये देशाच्या प्रतिनिधींना न विचारताच हिंदुस्थान युद्धात ओढला गेला आणि त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४२ मध्ये 'छोडो भारत'चा घोष सर्वत्र दुमदुमला. हा इतिहास झाकण्याचे कारण नाही. परंतु राज्यकर्त्यांच्या निर्णयाचा हिशेब टेकडीवर पडलेल्या जवानाकडे मागता येत नाही. आपले सोबती पडलेले असताना त्याने पाठ फिरविली नाही, हे त्याचे स्वतःचे कर्तृत्व होय. स्मरण करावयाचे ते साम्राज्याचे नव्हे, तर त्या माणसाचे.

इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले. त्यांपैकी ५,७८२ जणांनी प्राण वेचले. त्या भूमीलाही त्यांचा विसर पडलेला नाही. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी यशवंत घाडगे यांच्या नावाने छायाघटिकेचे स्मारक उभारण्यात आले. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असा त्याच्या बोधवाक्याचा आशय आहे. ज्या टायबर खोऱ्यात रक्त सांडले, तेथील लोकांनी एका कोकणी शेतकरी मुलुखातील तरुणाचे नाव जपावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

ज्यांना पदक मिळाले नाही, पुतळाही लाभला नाही, असे जवान गावोगावी होऊन गेले. त्यांची पत्रे, छायाचित्रे आणि पलटणीचे कागद अजून कित्येक घरांतील ट्रंकांत पडून आहेत. ग्रामपंचायतीने आणि शाळेने हे कागद वेळीच पाहून गावच्या जवानांची नावे, पलटणी व मृत्यूची ठिकाणे नोंदवून ठेवावीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा सल्लाही या कामी घेता येईल. कागदाला वाळवी लागण्यापूर्वी हे काम झाले, तर पुढच्या पिढीला पुतळ्यामागचा माणूस कळेल. पुष्पहार दुसऱ्या दिवशी सुकतो. नोंद मात्र टिकून राहते.