डोईमागे तीस पौंड

१७८१ साली लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचं ‘झाँग’ हे जहाज आफ्रिकेतून गुलाम भरून जमैकाकडे निघालं. वाटेत पाणी कमी पडतंय, असं सांगत खलाशांनी १३०च्या आसपास जिवंत माणसं समुद्रात ढकलली. मालकांनी काय केलं? डोईमागे ३० पौंडांचा विम्याचा दावा ठोकला! १७८३ मध्ये लंडनच्या ज्यूरीने तो मान्यही केला. पुढे न्यायाधीश मॅन्सफिल्ड यांनी फेरसुनावणीला परवानगी दिली. खुनाचा खटला मात्र कुणावरच उभा राहिला नाही.

हे गुलाम जिथे राबत, त्या साखरेच्या मळ्यांभोवती विमा, उधारी, हुंड्यांचं असं जाळं विणलं गेलं. ब्रिटनच्या औद्योगिक क्रांतीला भांडवल यातूनही मिळालं, असं त्रिनिदादचे इतिहासकार एरिक विल्यम्स यांनी १९४४ मध्ये मांडलं. किती मिळालं, यावर अभ्यासक अजून भांडतात. १८३३च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना सरकारने २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. तीही मालकांना.