एका विस्मृत रचनेला वाद्यवृंदाची साथ



सॅक्सोफोन म्हटला कीं आज जाझ संगीत आठवतें. परंतु हें वाद्य जाझहून पुष्कळ जुनें आहे. आदोल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानें १८४६ सालीं पॅरिस येथें त्याचें पेटंट घेतलें. १८५७ पासून तेथील संगीत विद्यालयांत लष्करी वादकांसाठीं तो या वाद्याचा वर्ग चालवूं लागला. वर्ग आला कीं परीक्षा आली, आणि परीक्षेसाठीं रचना हव्यात. सॅक्सनें त्या परिचित रचनाकारांकडून मिळविल्या व स्वतःच छापून प्रसिद्ध केल्या.

त्या रचनाकारांपैकीं एक ज्यूल देमर्समान. हा मूळचा बासरीवादक. जन्म १८३३ चा, उत्तर फ्रान्समधला. अवघ्या बाराव्या वर्षीं त्यानें त्याच विद्यालयांत बासरीचें पहिलें पारितोषिक मिळविलें, आणि १८६६ सालीं तेहतिसाव्या वर्षीं तो निवर्तला. पुढें १८७० मध्यें सॅक्सचा वर्गही बंद पडला, तो मार्सेल म्यूल याच्या हाताखालीं पुनः उघडला १९४२ सालीं! ज्या वर्गासाठीं हें संगीत लिहिलें तोच बहात्तर वर्षें नव्हता. तें मागें पडलें तें गुणहीन म्हणून नव्हे, निराधार झालें म्हणून.

देमर्समानची स्वतंत्र विषयावरील 'फँटसी' सॅक्सोफोन व पियानो यांसाठीं आहे. तिला वाद्यवृंदाची साथ द्यावी काय? मूळ रचनेंत ही ढवळाढवळ नव्हे काय? माझ्या मतें, देण्यास हरकत नाहीं. मात्र देणारानें आपली पायरी ओळखावी.

पियानोचा स्वर उमटतांच विरूं लागतो. वादक पायानें पेडल दाबून तो लांबवितो; वाद्यवृंदांत तें काम कोणा तरी वाद्याकडे सोंपवावें लागतें. पियानोवरील स्वरांचा थरकांप व्हायोलिनच्या गजाला सहज साधतो. डाव्या हातचे खर्जांतील ठोके चेलोच्या तारा बोटानें छेडून उमटवितां येतात. खरी अडचण मध्यभागीं आहे. आल्टो सॅक्सोफोनचा आवाज व्हायोला, हॉर्न व क्लॅरिनेट यांच्याच पट्टींत फिरतो. तेथें गर्दी झाली कीं मुख्य वाद्य बुडालेंच. म्हणून बासरी वर ठेवावी, बसून खालीं ठेवावा, आणि मधली वाट मोकळी सोडावी. शिवाय या सॅक्सोफोनसाठीं कागदावर लिहिलेला स्वर प्रत्यक्षांत मोठ्या षष्ठाइतका खालीं वाजतो; तो हिशेब चुकला तर सारेंच बेसूर.

साथीदारानें गायकाला धरून असावें, त्याच्यापुढें जाऊं नये, हें आपल्याकडे कोणालाही सांगावें लागत नाहीं. तोच नियम येथें लागू आहे. मैफल संपल्यावर श्रोते साथ रचणाराची तारीफ करूं लागले, तर त्यानें देमर्समानला दुसऱ्यांदां विस्मृतींत लोटलें असें समजावें. उलट ती मूळ पियानोची प्रत शोधून वाजवावी असें एखाद्या तरुण वादकास वाटलें, तर साथ सार्थकीं लागली.